दंड, न्याय आणि देहान्त : एका परंपरानिष्ठ पक्षाच्या भूमिकेची भाषा

१. प्रास्ताविक

बंगळूर शहरातील बसवनगुडी या भागात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने चालणारी एक सार्वजनिक संस्था आहे. कन्नड साहित्यातील थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. गुंडप्पांनी गोखल्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले, तसेच राज्यशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथही रचला. एका मराठी नेमस्ताचे नाव कन्नड विचारविश्वात इतक्या आत्मीयतेने जपले गेले, ही गोष्ट भारतीय भाषांच्या अभ्यासकास मननीय वाटावी. याच परिसराचे दुसरे वैशिष्ट्य राजकीय आहे. बसवनगुडी ज्या बंगळूर दक्षिण लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथून १९९१ पासून भारतीय जनता पक्षाचा उमेदवार सातत्याने निवडून आला आहे. सत्तेला मर्यादा असावी असे मानणारी नेमस्त परंपरा आणि राष्ट्र व संस्कृती यांचा कैवार घेणारी परंपरानिष्ठ राजकीय धारणा, या दोन्ही येथे एकाच वस्तीत नांदतात. राज्याने नागरिकाचा प्राण घ्यावा काय, या प्रश्नाचा विचार करावयास अशी जागा उचित होय.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. मृत्युदंड असावा की नसावा, याचा सर्वांगीण निर्णय येथे करावयाचा नाही. भारतीय जनता पक्ष आणि त्याचा पूर्वावतार असलेला जनसंघ यांनी ज्या वैचारिक परंपरेचा वारसा सांगितला, त्या परंपरेतून मृत्युदंडाचे समर्थन कितपत निष्पन्न होते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. इंग्रजीतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दासाठी मराठीत रूढ असलेला ‘पुराणमतवादी’ हा शब्द निंदाव्यंजक आहे. म्हणून येथे ‘परंपरानिष्ठ’ हा शब्द योजिला आहे. जो पक्ष परंपरेवर निष्ठा सांगतो, त्याची परीक्षा परंपरेच्याच कसोटीवर करणे न्याय्य ठरेल.

२. तीन शब्द : शिक्षा, दंड, प्रायश्चित्त

मराठीत अपराधाच्या परिणामासाठी निदान तीन शब्द आहेत आणि त्यांची कुळे भिन्न आहेत. ‘शिक्षा’ या शब्दात मूळ शिकविण्याचा अर्थ आहे. ‘दंड’ म्हणजे काठी, आणि त्यावरून राजाचा अधिकार. बोलीत हा शब्द द्रव्यदंडापुरता संकोचला, तरी ‘देहदंड’, ‘मृत्युदंड’ या समासांत त्याचा जुना दरारा टिकून आहे. ‘प्रायश्चित्त’ हा तिसरा शब्द धर्मशास्त्रातला. दोषी व्यक्तीने स्वतःच्या शुद्धीसाठी स्वतः पत्करावयाचे ते प्रायश्चित्त. फाशी, सुळी, कडेलोट, तोफेच्या तोंडी देणे, हत्तीच्या पायी देणे हे शब्द शिक्षेच्या प्रकारांचे आहेत. ती कोणत्या भूमिकेवरून दिली जाते, हे त्यांतून कळत नाही.

मराठी मनावर सर्वांत खोल ठसा उमटविणारा मृत्युदंडाचा प्रसंग या तिसऱ्या शब्दाशी निगडित आहे, हे लक्षणीय होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याची चौकशी करून खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे परंपरा सांगते. राघोबांना देहान्त घडला नाही; शास्त्रीबोवा मात्र पद सोडून गेले. पिढ्यानुपिढ्या मराठी मुलांनी ही कथा ऐकली ती कोणी फासावर गेला म्हणून नव्हे, तर न्यायाधीशाने सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर दोषी ठरविले म्हणून. दंडाची दिशा येथे खालून वर आहे. याच घटनेशी निगडित दंतकथेने भाषेला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार दिला. ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर पालटून ‘मारावे’ झाले, अशी ती कथा. तिची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली, तरी प्राण घेण्याची आज्ञा किती नाजूक आधारावर उभी असते, याची जाण समाजाने या वाक्प्रचारात साठवून ठेविली आहे.

३. परंपरेचा स्वर एकच नाही

आपल्या प्राचीन ग्रंथांत मृत्युदंड आहे, यात शंका नाही. मनुस्मृतीत तो आहे आणि त्यातील वर्णभेदही आहे. ब्राह्मणाला वधदंड नाही, असे ती स्मृती सांगते. तेव्हा परंपरेतील दंडव्यवस्था जशीच्या तशी स्वीकारणे आजच्या कोणत्याही पक्षाला शक्य नाही. निवड करावीच लागते, आणि निवड करावी लागते म्हणूनच तिची कारणे द्यावी लागतात.

निवडीसाठी सामग्रीही विपुल आहे. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात तीक्ष्ण दंड, मृदू दंड आणि यथार्ह दंड असा विवेक केलेला आढळतो. तीक्ष्ण दंडाने प्रजा उद्विग्न होते, मृदू दंडाने राजाचा अवमान होतो, यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो, असा त्याचा आशय. कौटिल्य दंडाचा विरोधक नव्हे. तथापि कठोरता हाच गुण, असे तो मानीत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वातील द्युमत्सेन आणि सत्यवान यांचा संवाद याहून पुढे जातो. वध्य म्हणून नेल्या जाणाऱ्या माणसांना पाहून सत्यवान पित्याला प्रश्न करतो. एका दस्यूला मारले असता त्याची माता, भार्या आणि मुलेही निरपराध असून मारली जातात, असा त्याचा आक्षेप आहे. द्युमत्सेन राज्यरक्षणाची बाजू मांडतो. अपराध्यांना दंड न केल्यास सर्व व्यवस्था संकरात सापडेल, अशी त्याची धास्ती आहे. आज संसदेत किंवा वृत्तपत्रांत जो वाद होतो, त्याचे दोन्ही पक्ष या संवादात उपस्थित आहेत. मृत्युदंडाविषयीची शंका ही परदेशातून आयात झालेली कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यास हा संवाद वगळूनच म्हणावे लागेल.

अर्वाचीन काळातील दोन उदाहरणेही येथे नोंदली पाहिजेत. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड १८६७ मध्ये रद्द केला आणि १८७० मध्ये ही तरतूद वसाहतींनाही लागू केली. परिणामी १९६१ नंतर भारतीय कायदे येईपर्यंत गोव्याच्या नागरी कायद्यात ही शिक्षा नव्हती. परकीय राजवटीच्या इतर दोषांवर यामुळे पांघरूण पडत नाही. परंतु मराठी-कोंकणी समाजाचा एक भाग दीर्घकाळ फाशीवाचून राहिला, हेही विसरता येत नाही. दुसरे उदाहरण त्रावणकोरचे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या त्या संस्थानाने १९४४ साली मृत्युदंड रद्द केला होता. भारतीय संघराज्यात विलीन झाल्यावर तो तेथे परत आला. परंपरानिष्ठा आणि फाशी यांचे साहचर्य अटळ नाही, हे यावरून सिद्ध होते.

४. प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर

संविधान सभेत हा प्रश्न दोन वेळा ठळकपणे पुढे आला. १९४८ च्या नोव्हेंबरअखेर झेड. एच. लारी यांनी, हिंसेचा अवलंब करणारा राजद्रोह वगळता मृत्युदंड रद्द करावा, अशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. ३ जून १९४९ रोजी फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, यावर चर्चा चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला कल स्पष्ट केला. अपिलाची तरतूद करण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करणे आपणास अधिक पसंत पडेल, कारण हा देश निदान तत्त्वतः अहिंसा मानतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. संविधानात मात्र ते उतरले नाही.

त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अंबाला येथे गांधीहत्येच्या खटल्यातील नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी देण्यात आली. मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या दोन पुत्रांनी ही शिक्षा अमलात आणू नये, अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. गव्हर्नर जनरलपदी तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी होते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेले हे राजाजी पुढे १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाचे संस्थापक झाले आणि सरकारच्या हाती कमीत कमी सत्ता असावी, या मताचे ते देशातील प्रमुख प्रवक्ते ठरले. परवाने आणि नियंत्रणे यांना विरोध करणाऱ्या विचारसरणीला सत्तेचा सर्वांत टोकाचा अधिकार, म्हणजे प्राण घेण्याचा अधिकार, आपल्या मीमांसेच्या केंद्रस्थानी आणता आला नाही. भारतातील मर्यादित सत्तेच्या तत्त्वज्ञानातील ही एक मोठी रिकामी जागा आहे.

पुढील दशकांत हा विषय बहुधा खासगी सदस्यांच्या प्रयत्नांतून संसदेत आला. १९५६ मध्ये लोकसभेत मुकुंदलाल अग्रवाल यांचे विधेयक आणि १९५८ मध्ये राज्यसभेत नटवर्य पृथ्वीराज कपूर यांचा ठराव, ही त्यांतील ठळक उदाहरणे. विधी आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात मृत्युदंड रद्द करण्याचा प्रयोग करण्याची जोखीम देशाने पत्करू नये, असा निष्कर्ष काढला. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा वैध ठरविली, परंतु ती ‘विरळातील विरळ’ प्रकरणांपुरती सीमित केली.

५. पक्षाचे तत्त्वज्ञान आणि पक्षाची मागणी

एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. जनसंघाने आणि नंतर भारतीय जनता पक्षाने या विचाराला अधिकृत तत्त्वज्ञानाचे स्थान दिले. राज्य सर्वोच्च नाही, धर्म हा राज्याहून श्रेष्ठ आहे, हे त्यातील एक मध्यवर्ती सूत्र. त्याच्या स्पष्टीकरणासाठी उपाध्यायांनी प्राचीन राज्याभिषेकातील एका विधीचा दाखला दिला. राजा म्हणतो की मी अदंड्य आहे, मला कोणी दंड करू शकत नाही; त्यावर पुरोहित त्याला दंडाने स्पर्श करून सांगतो की धर्म तुला दंड करू शकतो. ‘अदंड्य’ आणि ‘धर्मदंड्य’ या दोन शब्दांत सत्तेच्या मर्यादेचा संपूर्ण सिद्धान्त सामावला आहे. रामशास्त्र्यांच्या कथेचा आणि या विधीचा आशय एकच आहे. दंड धारण करणाराही दंडास पात्र असतो.

या तत्त्वावरून मृत्युदंडाविषयी काय निष्पन्न व्हावे? दंड देणारा चुकू शकतो, म्हणून त्याचा निर्णय तपासता आला पाहिजे आणि शक्य तेथे मागे घेता आला पाहिजे, असा अर्थ त्यातून सहज निघतो. पक्षाच्या व्यवहारातील भाषा मात्र वेगळ्या वाटेने गेली. लालकृष्ण अडवाणी यांनी गृहमंत्री असताना बलात्काराच्या गुन्ह्यास फाशीची तरतूद असावी, असे मत मांडले. २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त बैठकीत संमत झालेल्या दहशतवादविरोधी कायद्यात, म्हणजे ‘पोटा’मध्ये, मृत्युदंड होता. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी अपराध्यांना फाशीची मागणी केली, न्या. वर्मा समितीने मात्र जानेवारी २०१३ मध्ये बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नाही. एप्रिल २०१८ च्या अध्यादेशाने बारा वर्षांखालील बालिकेवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली.

येथे दोन गोष्टी निःपक्षपातीपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, ही मागणी एकाच पक्षाची नाही. २०१३ ची कायदादुरुस्ती काँग्रेसप्रणीत सरकारने केली. २००४, २०१२ आणि २०१३ मधील फाशी त्याच आघाडीच्या काळात अमलात आल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मृत्युदंडाची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले, तेव्हा भारतीय जनता पक्ष राज्यात विरोधी बाकांवर होता. दुसरी अशी की, पक्षातही भिन्न स्वर उमटले. २०१५ मध्ये याकूब मेमनच्या फाशीपूर्वी राष्ट्रपतींकडे गेलेल्या विनंतीपत्रावर तेव्हा पक्षाचे खासदार असलेले शत्रुघ्न सिन्हा यांची स्वाक्षरी होती. वाजपेयी मंत्रिमंडळात कायदामंत्री राहिलेले राम जेठमलानी यांचीही होती. त्याच वर्षी पक्षाचे खासदार वरुण गांधी यांनी मृत्युदंडाविरुद्ध लेख लिहिला. हे स्वर एकाकी राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता मृत्युदंड रद्द करावा, अशी शिफारस केली. हा अपवाद लारी यांच्या १९४८ मधील दुरुस्तीची आठवण करून देणारा आहे. आयोगातील दोन्ही शासकीय पदसिद्ध सदस्यांनी तीस असहमती नोंदविली.

इंग्लंडमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाशी तुलना केल्यास एक भेद डोळ्यांत भरतो. तेथे हा प्रश्न सदसद्विवेकाचा मानून सदस्यांना मतस्वातंत्र्य देण्यात येई. १९८३ मध्ये त्या पक्षाचे मोठे बहुमत होते आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वतः फाशीच्या पुनःस्थापनेस अनुकूल होत्या, तरीही कॉमन्स सभागृहाने ती मागणी फेटाळली. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व धोक्यात घालणे. परिणामी द्युमत्सेन आणि सत्यवान एकाच घरात वाद घालू शकले, तसे एका पक्षात घालणे अवघड झाले आहे.

६. ‘दंड’ जाऊन ‘न्याय’ आला तेव्हा

१८६० ची भारतीय दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये विधेयके मांडताना गृहमंत्री अमित शहा यांनी भूमिका स्पष्ट केली होती की, ब्रिटिश कायद्यांचा हेतू दंड करण्याचा होता, नव्यांचा हेतू न्याय देण्याचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने हे नामांतर गांभीर्याने घ्यावे. कायद्याच्या शीर्षकातून ‘दंड’ शब्द वगळून ‘न्याय’ शब्द घालणे, हे परंपरेच्या एका उदात्त अंगाला केलेले आवाहन आहे. समाजसेवेची शिक्षा प्रथमच संहितेत आली, हेही त्या आवाहनाशी सुसंगत होय.

तथापि संहितेच्या अंतरंगात देहान्ताचे क्षेत्र आकुंचित न होता विस्तारले आहे. खुनासाठीचा मृत्युदंड कलम ३०२ मधून कलम १०३ मध्ये आला. पाच किंवा अधिक जणांनी जात, वंश, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या सामूहिक हत्येसाठी तो नव्याने घातला गेला. संघटित गुन्हेगारी आणि दहशतवादी कृत्य यांतून मृत्यू घडल्यास तो सर्वसाधारण संहितेत समाविष्ट झाला. सामूहिक बलात्कारात पीडितेची वयोमर्यादा बारावरून अठरावर नेण्यात आली.

याहूनही विचारार्ह तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये आहे. दयेच्या अर्जासाठी त्यात मुदत घातली आहे, आणि राष्ट्रपती वा राज्यपाल यांचा निर्णय कसा झाला, याची चौकशी कोणत्याही न्यायालयात होणार नाही, असे म्हटले आहे. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रामुख्याने दयेच्या अर्जांवरील अक्षम्य विलंबाच्या कारणावरून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. न्यायालयाचे सांविधानिक अधिकार साध्या कायद्याने नष्ट होत नाहीत, हे खरे. पण कायद्याची भाषा काय म्हणू इच्छिते, हा आपला विषय आहे. उपाध्यायांच्या दृष्टान्तातील राजा म्हणतो की मी अदंड्य आहे. कलम म्हणते की हा निर्णय अप्रश्न्य आहे. त्या विधीत पुरोहिताचा दंड राजाच्या अंगाला लागतो. येथे तो दूर ठेवला आहे.

७. जालन्याचे सहा जण

तात्त्विक विवेचनास एका वास्तव घटनेची जोड देणे आवश्यक आहे. २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचा एक भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेप दिलेल्या इतर तिघांनाही फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांतील एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचेही निष्पन्न झाले होते.

मधल्या सोळा वर्षांत देशातील अनुभवी न्यायाधीशांनी तीन पायऱ्यांवर हा पुरावा तपासला होता. कोणी ‘ध चा मा’ केला नव्हता. सर्व काही विधिपूर्वक झाले होते. तरीही चूक झाली, आणि ती दुरुस्त होऊ शकली याचे कारण एकच, की ती माणसे जिवंत होती. ज्या कुटुंबावर मूळ आघात झाला, त्यालाही न्याय मिळाला नाही, हेही विसरून चालणार नाही. सत्यवानाने जी निरपराध माता, भार्या आणि मुले दाखविली, ती या प्रकरणात दोन्ही बाजूंना होती. अशा प्रकरणात ‘कठोर शासन’ हा शब्दप्रयोग नेमके काय साधतो, याचे उत्तर फाशीची मागणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाने द्यावयास हवे. आणि जो पक्ष धर्माला राज्याच्या वर मानतो, त्याने ते सर्वांआधी द्यावयास हवे.

८. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. परंपरानिष्ठ पक्षाने मृत्युदंडाचे समर्थन करणे यात तर्कदुष्टता नाही; द्युमत्सेनाची बाजूही परंपरेचीच आहे. आक्षेप वेगळा आहे. या पक्षाच्या स्वतःच्या तत्त्वज्ञानात सत्तेच्या प्रमादशीलतेचा जो सखोल विचार आहे, तो मृत्युदंडाच्या प्रश्नाला लावून पाहिलेला आढळत नाही. राष्ट्ररक्षण आणि स्त्रीरक्षण या दोन प्रयोजनांनी ती जागा व्यापली. प्रयोजने थोर आहेत. पण प्रयोजनाच्या थोरपणामुळे साधनाची परीक्षा टळत नाही.

नेमस्त परंपरेनेही समाधान मानण्याचे कारण नाही. सरकारने धान्याचा भाव ठरवू नये असे सांगणाऱ्यांनी सरकारने आयुष्याची मर्यादा ठरवावी काय, हा प्रश्न अर्ध्यावर सोडला. बसवनगुडीतील गोखल्यांच्या नावाच्या वास्तूत आणि तिच्या भोवतालच्या परंपरानिष्ठ घरांत हा प्रश्न एकत्र बसून चर्चिला जावा, इतकी सामग्री संस्कृत, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषांनी जमविलेली आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथे निर्णय देण्याचे नाही. संहितेच्या मुखपृष्ठावर ‘न्याय’ हा शब्द आल्यानंतर आतील पानांत तो कोठे कोठे आला आणि कोठे आला नाही, हे वाचून दाखविण्याचे ते काम आहे.